झरा डॅरलला मिळणार नाही

मी, व्हर्डी मे हॉकेनबेरी, कै. ऑर्विल हॉकेनबेरी यांची बायको, वय ब्याऐंशी, राहणार टॅनर्स रन, माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांकडून तसा कागद घेतला आहे, कारण माझा मुलगा डॅरल उद्या कोर्टात म्हणेल की म्हातारीला भ्रम झाला होता. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेले नाही. डॅरलने दोन्ही करून पाहिले. आधीच्या मृत्युपत्रात सगळे त्याला दिले होते, ते रद्द समजावे.

माझी शाळा सहावीत सुटली. वकिलाने लिहिलेले मला कळले नाही म्हणून हे माझ्या शब्दांत आहे. कलमांचे आकडे तेवढे त्याचे.

कलम एक. घर, कोंबड्यांचे खुराडे आणि पिकअप गाडी माझी नात जोलीन हिला. ती डॅरलचीच मुलगी, पण त्यात तिचा दोष नाही. ती सरकारी हॅचरीत कामाला आहे. तिथे ट्राउट माशांची अंडी उबवतात, त्यांची बोटाएवढी पिल्ले, म्हणजे बोटुकली, वाढवतात आणि मासे मोठे झाले की टाकीच्या गाडीतून नेऊन ओढ्यात सोडतात. ती गाडी जोलीन चालवते. राज्याने हॅचरी बंद करण्याचा प्रस्ताव आणला आहे. तो मंजूर झाला तर पोरीची नोकरी गेली. निदान डोक्यावर छप्पर असावे. जोलीन, छप्पर गळते आहे. तुझ्या बापाला सांगून सांगून माझे दात पडले.

कलम दोन. ऑर्विलच्या गळाच्या काठ्या, जाळी आणि बादल्या बर्निस यॉडरला. गांडुळे आणि गळाचे सामान विकते ती. वसंतात हॅचरीची गाडी आली की सगळा गाव काठावर रांग धरतो आणि माशांच्या बादल्या हातोहात पाण्यापर्यंत नेतो. रांग लावायचे काम बर्निसचे. बर्निस, बादली वरून ओतू देऊ नकोस. पाण्यात आडवी धरायची, मासा आपला आपण बाहेर जातो. ऑर्विल यावरून पाद्रीबाबांनाही ओरडला होता.

कलम तीन. शेजारी मर्ल स्ट्रोसनायडर याला काही नाही. गळवाले मका तुडवतात म्हणून याने आपल्या काठावर 'प्रवेश बंद'चा बोर्ड ठोकला. बोर्ड असेल तिथे सरकारी गाडी मासे सोडत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाडी पुढे गेली तेव्हा हा ओसरीवरून ओरडला, "ए जोलीन, माझा काठ विसरलीस काय?"

ती म्हणाली, "नाही मर्लकाका, तुमचा बोर्ड वाचला."

तेव्हापासून तो माझ्या काठावर येऊन बसतो. बसू द्यावे. त्याला काहीच मिळत नसल्यामुळे तो साक्षीदार चालतो, असे वकील म्हणाला. आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडला.

कलम चार. आता झरा.

घरामागच्या टेकडीखाली झरा आहे. भर ऑगस्टमध्ये त्यात हात घातला तर बोटे बधिर होतात. हॅचरीचे सगळे पाणी त्याचेच. माझ्या सासऱ्यांनी राज्याला लिहून दिले होते की मासे वाढवाल तोवर पाणी फुकट न्या, मासे थांबले की पाणी जमिनीच्या मालकाकडे परत. आता एका बाटलीबंद पाण्याच्या कंपनीची माणसे येऊन गेली. डॅरलने त्यांना जेवायला नेले. त्यानंतर फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये राज्याची सुनावणी झाली, तिथे हा टाय लावून उभा राहिला.

"मी इथलाच आहे," म्हणाला. "हॅचरी तोट्यात आहे. मासे दुकानात खोक्यात मिळतात. हल्ली गळ टाकतंय कोण?"

हॉल गळ टाकणाऱ्यांनीच भरला होता. मागून बर्निस म्हणाली, "डॅरल, तुझ्या गळाला पहिला मासा लागला तेव्हा तू चड्डी ओली केलीस, म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडायचं होय रे?"

सगळे हसले. राज्याच्या साहेबाने कागदावर लिहून घेतले, 'बंद करण्यास स्थानिकांचा पाठिंबा आहे.' त्या रात्रीपासून जोलीन बापाशी बोलत नाही.

रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला. म्हणाला, "आई, उगाच जिवाला लावून घेतेस. झरा काही पळून जात नाही."

"नाही ना. बाटलीत बसून जातो."

"तुझ्या माघारी माझ्याकडेच यायचंय ना ते? मग थोडं आधी ठरलं तर तुझं काय जातंय?"

हे तो माझ्या हातचे कोंबडी-मक्याचे सूप खाताना बोलला. वर वाडगा पुढे सरकवला, आणखी वाढ म्हणून. मी वाढले. आणि सोमवारी वकिलाकडे गेले.

म्हणून झरा, त्याच्या वरची टेकडी आणि ओढ्याचा माझा काठ टॅनर्स रनच्या गळवाल्यांच्या मंडळाला. त्यांनी तो विकू नये, बाटलीत घालू नये, काठावर बोर्ड लावू नये. हॅचरी चालू राहिली तर पाणी तिला आधीसारखेच जावे. बंद झाली तर मंडळाने जमतील तेवढी बोटुकली स्वतः वाढवावी. मला माहीत आहे, त्यांना जमणार नाही. निम्मे सत्तरीच्या पुढचे आहेत आणि उरलेले आळशी. मग पाणी सरळ ओढ्यात सोडावे. ओढा रिकामा वाहिला तरी चालेल, पण डॅरलकडे वाहू नये.

कलम पाच. मुलाला काहीतरी द्यावे, नाहीतर म्हातारी विसरली असे म्हणता येते, असा वकिलाचा सल्ला. फ्रीजरमध्ये दुकानातल्या माशांची खोकी आहेत, ती सगळी डॅरलला. मी विसरलेले नाही.

कलम सहा. मला ऑर्विलशेजारी पुरावे. भाषणे नकोत. एप्रिलमधल्या पहिल्या शनिवारी पुरू नये. त्या दिवशी ट्राउटचा हंगाम उघडतो, सगळे पहाटेपासून पाण्यात उभे असतात, शवपेटी उचलायला चार माणसे मिळणार नाहीत. हॅचरी बंद झालेली असेल तर कोणताही शनिवार चालेल.

सही: व्हर्डी मे हॉकेनबेरी

आमच्या दोघांच्या समोर, वाचून, शुद्धीवर आणि रागात सही केली:
१. मर्ल स्ट्रोसनायडर, शेजारी
२. आयडा क्लिंगर, पाद्रीबाबांची पत्नी

ठिकाण: टॅनर्स रन
तारीख: १९ फेब्रुवारी २०२५