आवाजाची वसुली

सदाशिव पेठ, रविवार दुपार

प्रिय विश्वजीत,

पाकिटावर हाताने लिहिलेलं नाव बघून तुला ही कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका वाटेल आणि तू ती बाजूला सारशील. सारू नकोस. आज लिहितोय ते तुला उद्या, सोमवारी सकाळी मिळेल. पाहुण्यांच्या आधी तुझ्या हातात द्यायचं असं कुरियरवाल्याला बजावून ठेवतो. अक्षर सुवाच्य आहे, कॉफी गार व्हायच्या आत वाचून होईल. फोन करता आला असता, पण हल्ली मी फोनवर बोलत नाही. का बोलत नाही, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

मघाशी पडल्या पडल्या तुझा ऑफिसातला पहिला दिवस आठवत होतो. कर्वे रस्त्यावरची आपली जुनी जागा, खिडकीबाहेरचा शिरीष आणि दारात अवघडून उभा असलेला तू. वर्ध्याहून आलेला, इथेच आमच्या पेठेत कॉट घेऊन राहणारा, मेसच्या डब्याला विटलेला. आकडे वाचायला सांगितले की तू ते गिळायचास. बहात्तर की ब्याण्णव, ते समोरच्याने ओळखायचं. मी तुला आकडे कवितेसारखे वाचायला शिकवले. ओळ संपली की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढची. आमच्या मास्तरांनी मला शाळेत असंच शिकवलं होतं, फक्त तिथे खरोखरच कविता असायची. मार्चअखेरीला ताळेबंद जुळला की आपल्याकडे एक रिवाज होता, आठवतो? ज्याने फरक शोधून काढला त्याने खुर्चीवर उभं राहून शाळेतली एक कविता म्हणायची. एका वर्षी ती पाळी तुझ्यावर आली. सैनिकाच्या आईची कविता तू म्हणायला घेतलीस आणि दुसऱ्या कडव्यात अडलास. ओळ विसरला नव्हतास, वर्ध्याची आई आठवली होती. घरी जाऊन मी हिला म्हणालो, हा मुलगा नुसते आकडे मांडणार नाही, आकड्यांमागची माणसं बघेल. ही फक्त हसली होती. माणसं हिला माझ्यापेक्षा बरी कळायची.

दुसरा रिवाज माझा एकट्याचा. ज्याचं बिल त्या आठवड्यात निघणार नसेल त्याला शनिवारी सकाळी मी स्वतः फोन करायचो. मोठ्या पुरवठादारांना नव्हे, त्यांना वकील असतात. भोसरीचे, वाघोलीचे लहान कारखानदार. पत्र्याची शेड, दोन यंत्रं आणि घरचीच माणसं. त्यांना खरं काय ते सांगायचो. गुरुवारी म्हटलं तर गुरुवारी. जमणार नसेल तर जमणार नाही म्हणायचो आणि पलीकडच्या शिव्या निमूट ऐकायचो. तू समोर बसून ते ऐकायचास. मला वाटायचं, शिकतोय. शिकत होतासच म्हणा.

यंत्रांशी माझं वैर नाही, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर म्हाताऱ्याला काळ झेपला नाही असं म्हणून तू मोकळा होशील. आम्ही आठवडाभर शोधायचो ती चूक तुमचं यंत्र पापणी लवायच्या आत दाखवतं. मी ते पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. वाईट एवढंच वाटलं, की त्याला खुर्चीवर उभं करून कविता म्हणायला लावता येत नाही.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच दिवसांनी तू पेढे घेऊन आलास. व्हाइस प्रेसिडेंट झाला होतास. हिच्या फोटोला नमस्कार केलास, माझ्या पाया पडलास आणि म्हणालास, की सर, तुमची शिकवण्याची पद्धत नव्या मुलांसाठी जपून ठेवायची आहे, हिंजवडीला येऊन थोडं रेकॉर्डिंग करा. न्यायला-आणायला गाडी पाठवलीस, आणि गेल्या गेल्या एका कागदावर सही मागितलीस, ती मी न वाचताच केली. काचेच्या त्या खोलीत आधी मी तुम्ही दिलेली वाक्यं वाचली; वार, महिने, रकमा, नमस्कार, धन्यवाद. मग काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेली दीपाली म्हणाली, की आता वेगवेगळ्या भावनांचा आवाज हवाय, तुम्हाला काही पाठ आहे का. विश्वजीत, ही गेल्यापासून मला कुणी कविता म्हणायला सांगितलं नव्हतं. मी एकामागून एक म्हणत सुटलो. सातवीतली माहेरवाशिणीची म्हटली तेव्हा गळा भरून आला. काचेपलीकडून दीपालीने अंगठा वर केला. फार छान आला, म्हणे. तू दारात उभा राहून ऐकत होतास. तुझे डोळे ओले दिसले मला. दिवे फार होते तिथे, त्यामुळेही असेल.

त्यानंतर तुझा पत्ता नाही. माझी तक्रार नव्हती, मोठ्या माणसांना कामं असतात.

मग एके दिवशी सकाळी द्वारकाबाई आल्या. तुझ्या लक्षात असतीलच. वाघोलीच्या, पुठ्ठ्याची खोकी बनवतात, आपले सुटे भाग वर्षानुवर्षं त्यांच्याच खोक्यांतून गेले. नवरा गेल्यावर बाईंनी एकटीने शेड सांभाळली. मी म्हटलं, या, बसा. त्या बसल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "फोनवर बी तुमी, दारात बी तुमीच. खरा कंचा हाय तेवढं सांगा साहेब, म्हंजे शिव्या त्यालाच घालते."

मला काही कळेना. त्यांना वाटलं, मी सोंग करतोय. पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी. बोलता बोलता उलगडलं ते असं, की दर शनिवारी त्यांना माझा फोन येत होता. द्वारकाताई, तुमचं बिल मी जातीने बघतोय, पुढच्या आठवड्यात नक्की. परचुरे साहेबांचा शब्द म्हणून बाई गप्प बसल्या. कामगारांना थांबवलं, पुठ्ठा उधारीवर उचलला. शेवटी कापायचं मोठं यंत्र विकलं तेव्हा घेणाऱ्याने पाडून मागितलं, आणि त्या दिवशीही माझा फोन आलाच होता, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला.

मी पुढच्या शनिवारी वाघोलीला जाऊन त्यांच्या शेडमध्ये बसलो. फोन वाजला. बाईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला आणि मी मला ऐकलं. माझी ओळ, माझा श्वास, माझं थांबणं. उशिराबद्दल दिलगीर आहे, असं म्हणताना तो आवाज किंचित भरून आला, आणि तो कुठून आणला ते मी तत्क्षणी ओळखलं. माहेरवाशिणीचं तिसरं कडवं. माझ्या बायकोला ते आवडायचं म्हणून मी ते तसं म्हणायचो. मी फोनजवळ तोंड नेऊन म्हणालो, मी स्वतः परचुरे बोलतोय. यंत्र म्हणालं, नमस्कार परचुरे साहेब, आपलं सहकार्य आमच्यासाठी मोलाचं आहे. बाई हसल्या. मला नाही हसू आलं.

तुझ्याकडे आलो होतो ते तू विसरला नसशील. गळ्यात माझ्याच फोटोचा पास अडकवून मला बाहेरच्या सोफ्यावर बसवून ठेवलंस, मग घाईघाईत आलास. मी भांडायला आलो नव्हतो. तिमाही संपेपर्यंत लहानांची बिलं अडवायची, म्हणजे शिल्लक गुबगुबीत दिसते, शेअरचा भाव चढतो आणि वरच्यांचे बोनस पिकतात, हे गणित मला तू समजावायची गरज नव्हती. मीही हिशेबातच हयात घालवली आहे. मी एवढंच म्हणालो, की बिलं अडव, पण माझ्या तोंडून खोटं बोलवू नकोस. आयुष्यभरात माझ्यापाशी दुसरं काही जमलं नाही रे, शब्दाला मान तेवढा जमला. तेवढा परत दे. तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, "सर, आम्ही तुमचा आवाज अमर केलाय. आणि कागदावर सही तुमचीच आहे." खांद्यावर हात ठेवलास, आणि तोच हात पुढे करून सुरक्षारक्षकाला माझा पास परत घ्यायला सांगितलंस.

त्या दिवसापासून भाजीवालासुद्धा मी ओळखीचं बोललो की मान वर करून बघतोय असं मला वाटायचं. शनिवारचे तेच फोन घेणाऱ्या भोसरीच्या सुखदेवने लक्ष्मी रस्त्यावर मला बघून रस्ता ओलांडला, ते मात्र वाटणं नव्हतं. कविता पुटपुटायची सवय होती आंघोळीच्या वेळी, ती सुटली.

दीपालीने मला शोधून काढलं. तिच्या गटाने वर्षभर राबून ते यंत्र शिकवलं, शिकून झाल्यावर तू सगळ्या गटाला एका ईमेलने घरी बसवलंस. तिने मला तुझ्या व्यवस्थेतली एक गंमत सांगितली. पुरवठादारांकडे मालाची चौकशीही तेच यंत्र करतं. आणि पलीकडचा माणूस माल गाडीत चढवलाय एवढं म्हणाला, की तुझ्या पडद्यावर हिरवी खूण उमटते, माल निघाला म्हणून. माणूस ठेवला असता तर त्याने विचारलं असतं, गाडी सुरू झाली का, कुठपर्यंत आली, ड्रायव्हरचा नंबर द्या. पण माणूस महाग पडतो, आणि तुझी गोदामंही तू खर्च वाचवायला रिकामी ठेवतोस. मी दीपालीला म्हटलं, पुन्हा एकदा आणतेस का तुझा तो माइक? ती इथेच आली, आमच्या माजघरात. या खेपेला मी वीररसाच्या कविता म्हटल्या. शेजारच्यांनी भिंत वाजवली, तरी म्हटल्या.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. गेल्या रविवारी वाघोलीत द्वारकाबाईंच्या शेडमध्ये तुझे सगळे लहान पुरवठादार जमले होते. मी उभा राहून त्यांना सांगितलं, की तो मी नव्हे. सुखदेव उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. काल शनिवारी तुझ्या यंत्राने माझ्या आवाजात सगळ्यांना विचारलं, माल कुठे आहे, आणि सगळ्यांच्या फोनवर दीपालीने बसवून दिलेल्या माझ्याच आवाजाने उत्तर दिलं, माल गाडीत चढवून तयार आहे. एक शब्द खोटा नाही. खोकी, रबरी सील, रंगवलेले पत्रे, सगळं टेम्पोंत भरलेलं आहे आणि टेम्पो द्वारकाबाईंच्या दारात ओळीने उभे आहेत, चाव्या बाईंच्या कमरेला. बाहेरच्या कंपन्यांना हे यंत्र विकायला तू सोमवारी सकाळी पाहुणे बोलावलेस ना? हे वाचून झाल्यावर थोड्याच वेळात पडद्याच्या डाव्या बाजूला त्यांना हिरव्या खुणांची बाग दिसेल, आणि उजव्या बाजूला तुझा चाकणचा कारखाना थेट दिसेल, पट्टा थांबलेला, माणसं हात बांधून उभी. काय सांगायचं ते सांग त्यांना. मला रागावर विजय वगैरे मिळवायचा नाही. तुझा चेहरा त्या वेळी बघता आला असता तर मी तिकीट काढून आलो असतो. सगळ्यांची जुनी बिलं चुकती झाली आणि माझा आवाज तुझ्या यंत्रातून पुसला, की चाव्या मिळतील. पण फोनवर सांगू नकोस. फोनवरच्या कुणावरही बाईंचा आता विश्वास नाही, ती सोय तूच केलीस. तुला स्वतः जाऊन, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने शब्द द्यावा लागेल, आणि तो त्यांना खरा वाटतो का हे तिथेच कळेल. हिंजवडीहून वाघोली म्हणजे आख्खं पुणे ओलांडायचं, तेही सोमवारी सकाळी. पाहुण्यांना चहा सांग आणि निघ.

तुझाच,
परचुरे सर