विश्वाला लावलेली चिठ्ठी

मंगळवार, ९ जुलै, सकाळचे सव्वासात. दुकान उघडायचं आहे आणि मी बाहेर पायरीवर बसून हे लिहीत आहे.

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा जिने चढू देतो का? मामींचा खोकला हटला का? मी खुशाल आहे, आणि ते तुमच्यामुळे. या गादीवाल्यांकडे तुम्ही शब्द टाकला नसता, तर मी अजून घरी बसून भिंतीचे पोपडे मोजत असतो.

मालक दोन भाऊ, हे तुम्ही जाणता. महिनाभर बघू आणि दोघांचं एकमत झालं तरच ठेवू, असं ठरलं होतं. (पाटीच्या रंगावरही त्यांचं एकमत नाही, म्हणून पाटी कोरीच आहे.) काल महिना भरला.

नेमकं कालच थोरल्यांनी रेडिओवर ऐकलं, की विश्वाचं वय एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षं, आणि त्यात दिसणारा माल वीस भागांत जेमतेम एक. बाकी सगळं न दिसणारं. धाकटे कापूस पिंजता पिंजता म्हणाले, "दादा, वीस किलोच्या गादीत एकच किलो कापूस भरला, तर गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवील का?" शिवाय वयबिय काही नसतं, जुनाच कापूस पुन्हा पिंजलेला असतो, असं त्यांचं मत. "तुझी अक्कलही तशीच," थोरले म्हणाले. जेवणाचे डबे तसेच राहिले.

आमच्याकडे मालावरून वाद झाला, की चिठ्ठी लिहून मालाला टाचायची आणि विषय संपवायचा. चिठ्ठ्या मी लिहितो. (शाळा आठवीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलेलं नाही.) थोरले म्हणाले, "लिही रे." मी लिहिलं: माल, विश्व. वय, १३८० कोटी (धाकट्यांना अमान्य). भरण, एक भाग दिसणारं, एकोणीस भाग न दिसणारं. खाली दोन रकाने उरले. रिकामा रकाना मला बघवत नाही. म्हणून विचारलं, "गिऱ्हाईकाचं नाव काय घालू? आणि परत कधी न्यायचं आहे?"

मग धाकटे म्हणाले, "दादा, हा ठार मूर्ख आहे."

"बरोबर," थोरले म्हणाले.

एकमत झालं, मामा. मला ठेवलं. तुमचे उपकार मी कसे फेडू?

तुमचा भाचा

ता. क. हे लिहितानाच मालकांच्या माडीवरून आवाज येतो आहे. थोरल्यांना रात्रीत शंका आली: ठार नव्हे, पाऊण मूर्ख. एकमत मोडलं. तेव्हा मी पुरा मूर्ख आहे, अशा दोन ओळी सहीनिशी उलट टपाली पाठवाव्यात. ('जवळजवळ' हा शब्द कृपा करून नको.) लहानपणापासून तुम्ही हे न मागता सांगत आलात, या खेपेला लेखी हवं आहे.