चाकाखालचा ठोकळा

४ जानेवारी, रविवार

घेतली एकदाची गाडी! पांढरी, चार दारांची. किंमत दहा लाख, त्यातले नऊ बँकेचे. म्हणजे पुढची काच आणि एखादा आरसा तेवढा माझा.

सह्या करून करून हात दुखायला लागला, तेव्हा शोरूममधल्या टायवाल्याने आणखी एक कागद पुढे सरकवला. "गॅप इन्शुरन्स, मॅडम." म्हटलं, विमा आत्ताच घेतला की! तो म्हणाला, "तो गाडीचा. हा फरकाचा." आता मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. काच विकून झाली की "वरून कोटिंग घ्या" म्हणायचं, हे मला कोण शिकवणार? नको म्हणून पेन खाली ठेवलं.

तर मागच्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "घे."

बाबांनी तीस वर्षं छापखान्याची व्हॅन चालवली. त्यातली पहिली व्हॅन नवी असतानाच जळाली. विमा कंपनीने वापरलेल्या गाडीची किंमत धरून पैसे दिले, बँकेने नव्या गाडीचं कर्ज मागितलं. "मधल्या पैशांसाठी मालक दीड वर्षं नसलेल्या गाडीचे हप्ते भरत होता," बाबा म्हणाले. टायवाला खूश! म्हणाला, मी याहून चांगलं सांगू शकलो नसतो. मुकाट्याने सही केली.

ऐटीत गाडी मागे घेतली आणि — ठक्! मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा. शोरूमच्या सपाट फरशीवर! बाबांनी घरून पिशवीत घालून आणला होता.

५ जानेवारी

ठोकळा कशाला, विचारलं. "हँडब्रेकचा काय भरवसा?" तो व्हॅनचा हँडब्रेक होता हो बाबा, तीस वर्षांपूर्वीचा!

१५ मार्च, रविवार

आज बाबांनी चालवली, मी शेजारी. माझ्यापेक्षा कितीतरी छान चालवतात. मी गिअर टाकते तेव्हा डोळे मिटून घेतात — मला दिसतं ना! उतरल्यावर ठोकळा लावला, बुटाने दोनदा ठोकला. निघताना काढून डिकीत. या क्रमात कधी चूक नाही. एक चावी त्यांच्याकडे असू दे म्हटलं, तर म्हणाले, "नको, ड्रॉवरमध्येच ठेव. लागली तर घेईन."

११ जुलै

हप्ता चुकला. खात्यात पैसेच नव्हते, चूक माझीच. धाकट्या भावाने फोनवर अर्धा तास उपदेश केला, पैसे मात्र एक पैही दिले नाहीत.

८ सप्टेंबर, मंगळवार

गाडी गेली.

संध्याकाळी बसमधून उतरले तर दारासमोरची जागा रिकामी. आधी वाटलं, बाबा घेऊन गेले असतील. पण बाबा पायरीवर बसून बूट काढत होते, चिखलाने माखलेले. म्हणाले, फिरायला गेलो होतो, पाय भरून आलेत. गाडीचं विचारलं तर रिकाम्या जागेकडे बघतच राहिले. मग मलाच म्हणाले, "तू नेली नव्हतीस?"

पोलिसांत तक्रार दिली. चोर भलताच शिस्तीचा — ठोकळासुद्धा मागे ठेवला नाही!

११ सप्टेंबर

विमावाल्या बाईंकडे जाऊन आले. खर्जातला आवाज, टेबलावर निवडुंगाची कुंडी. त्यांनी कागदाच्या पाठीवर मांडून दाखवलं. गाडीची आजची किंमत सात लाख. ते बँकेला जाणार. बँकेचं येणं आठ लाख चाळीस हजार. मधले एक लाख चाळीस हजार कोण देणार?

"तुमची गॅप पॉलिसी आहे म्हणून ती देईल," बाई म्हणाल्या. "जुलैचा थकलेला हप्ता मात्र तुमचा. तो आम्ही धरत नाही." तो आठ चाळीसच्या वर आहे म्हणे. असू दे! ती सही केली नसती तर दोन वर्षं मी हवेचे हप्ते भरत बसले असते. बाबांना मिठीच मारली घरी येऊन. ते लाजले.

अट एकच, दोन्ही चाव्या जमा करा. एक माझ्या पर्समध्ये. दुसरी ड्रॉवरमध्ये नाही!

१३ सप्टेंबर, रविवार

चावीपायी घर उलटंपालटं केलं. एकच चावी दिली तर दावा अडकतो, आणि माझी परिस्थिती काही एक चाळीस भरण्याची नाही.

सापडली! बाबांच्या स्वेटरच्या खिशात, दोन गोळ्यांच्या पाकिटांबरोबर. म्हणाले, "तूच दिलीस ना ठेवायला." मी कधी दिली? पण परवा माझी कात्रीही त्यांच्याच खिशात निघाली होती. म्हातारपणी खिसे खोल होतात वाटतं. सापडली ना, बस्स.

५ ऑक्टोबर

दुकानात एका काकूंच्या चष्म्याला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. लक्ष ठिकाणावर नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार

दावा मंजूर! पुढच्या आठवड्यात बँकेचं खातं बंद. भाऊ म्हणाला, आता नवी घे. म्हटलं, आधी जुलैचा हप्ता भरू दे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, घे म्हणून?" अगदी ताठ बसून. किती बरं वाटलं त्यांना तसं बघून.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

गाडी मिळाली. पोलिसांबरोबर जाऊन बघून आले. बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या आवारात, व्हॅन उभी करायच्या जागेवर, गवतात. एक ओरखडा नाही. कुलूप लावलेली. मागच्या चाकाखाली ठोकळा, नीट ठोकून बसवलेला.

सहा आठवडे मी त्या चोराला शिव्या दिल्या. जेवताना, बाबांच्या समोर बसून. तेही देत होते.

घरी आले तर दारातच उभे. "मिळाली का गं? कोणी नेली होती?" खरंच माहीत नाही त्यांना. मी म्हटलं, कळलं नाही अजून. आणि आत जाऊन नळ सोडून रडले.

उद्या विमावाल्या बाईंना सगळं सांगायचं. त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यायची.