चोपणातलं हिरवं

६ जानेवारी

खारीचा एक ट्रे सापडत नाही! सकाळपासून ग्रोथ रूम पालथी घातली. खालच्या कप्प्यात नुसती रिकामी जागा.

खारी म्हणजे आमचं परदेशी रानरोप – नाव हर्षालीनं ठेवलंय. लॅबमध्ये पीएच.डी. करणाऱ्या आम्ही दोघीच. अरॅबिडॉप्सिसची ही रानटी चुलतबहीण. अरॅबिडॉप्सिस जगभरच्या प्रयोगशाळांचं लाडकं रोपटं, पण खारं पाणी दिलं की मान टाकतं. खारी त्याच पाण्यावर टवटवीत! का, ते शोधायचं माझ्याकडे. बी मागवताना आमचे गाइड शिवानंद सर यांनी सरकारला लिहून दिलंय – एक रोप, चिमूटभर मातीसुद्धा बाहेर जाणार नाही. काम झालं की सगळं वाफेत मारायचं, मगच टाकायचं. मिठात तगणारं परकं तण रानात पसरलं तर आवरणार कोण?

हर्षाली बहिणीच्या लग्नाला उमरग्यात. फोनवर म्हणाली, "मी नाही हलवला बहुतेक." मागं सनई-चौघडा. बहुतेक!

७ जानेवारी

एक आठवलं. गेल्या महिन्यात तात्या तेरहून आले होते, लेक काय करते ते बघायला. खारीपुढं किती वेळ उभे! "आपल्या वढ्याकडच्या चोपणात यील का गं हे?" तो तुकडा म्हणजे नुसती खारवट माती, कायम ओसाड. मी म्हटलं, "तात्या, हात नका लावू."

जाताना त्यांची पिशवी फुगलेली होती. की मलाच आता तसं वाटतंय? बापावर संशय – शी!

८ जानेवारी

आईला सहज विचारलं, रानात काय चाललंय. "चोपणात हिरवं आलंय म्हणून हे नाचायलेत!"

९ जानेवारी

पहिल्या एसटीनं तेर. थेट ओढ्याकडं.

पांढऱ्या खपल्यांमधून पानांची बारीक हिरवी चक्रं वर आलेली. तीच पानं, तीच मेणचट चकाकी.

तात्या मात्र हरखलेले. "बघ! माझ्या हयातीत हितं गवत उगवलं न्हाय."

"तात्या, लॅबमधून काही आणलंत?"

त्यांचा चेहरा उतरला. "म्या? पाहिजे असतं तर मागितलं असतं. चोरीन का? आपोआप आलंय."

"खरं सांगा. माझी पीएच.डी. जाईल. सर अडकतील."

ते खाली बसले आणि उपटायला लागले. मीही. फूल कुणालाच आलं नव्हतं, म्हणजे बी सांडलेलं नव्हतं, तेवढंच नशीब. पोतं भरलं, तरी कोपरा राहिलाच. एसटीची वेळ झाली. "जा तू," एवढंच म्हणाले, माझ्याकडं न बघता.

११ जानेवारी

शिवानंद सरांना सांगून टाकलं. ओरडले नाहीत, नुसता चष्मा काढून बसले – ते जास्त वाईट. मग म्हणाले, "आधी खात्री करू. खारीच असेल तर वर कळवावं लागेल." एक पान पुण्याला तपासणीसाठी पाठवलं. तेरहून आणलेल्या पोत्यातलं बाकी सगळं वाफेत मारलं.

१९ जानेवारी

पुण्याहून काही नाही. तात्यांचाही फोन नाही. आई म्हणते, जेवतानासुद्धा बोलत नाहीत.

२२ जानेवारी

हर्षाली आली आणि शीतकपाट उघडून ट्रे बाहेर काढला! "अगं, बी रुजायला थंडीत ठेवायचा होता ना! निघताना मीच ठेवला. साफ विसरले बघ."

मी ट्रेवरची चिठ्ठी वाचली. तोच.

म्हणजे तात्यांनी नेलं नव्हतं. मग रानात आलं कुठून? त्यांच्या चपलेला बी चिकटलं असेल? माझ्याच ओढणीला? फोन हातात घेते, ठेवून देते. काय बोलू?

२७ जानेवारी

निकाल आला. खारी नाही! त्याच कुळातलं, पण आजवरच्या कुठल्याच नोंदीशी न जुळणारं. सरांनी दोनदा वाचलं. "देवश्री, हे इथलंच रानरोप आहे. जिवंत रोप हवं. लगेच!"

तात्यांना फोन लावला. माफी मागायची होती, पण तोंडातून आधी निघालं, "तात्या, एखादं राहिलंय का?"

"न्हाय गं. तू गेलीस आन् नांगर घातला. वर पालापाचोळा टाकून पेटवून दिलं. तुझ्यावर काय बालंट यायला नको."