उजव्या आरशाखालचा डाग

परम कृपाळू, परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, शुक्री इस्माईल अद्-दब्बास, वय चौऱ्याहत्तर, धंदा नळकाम व पाण्याच्या टाक्या बसवण्याचे कंत्राट, राहणार जबल अल-जौफा, अम्मान, तिसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. अल्लाह एक आहे आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष देऊन सुरुवात करतो. माझे गुडघे गेले आहेत, हृदयात दोन नळ्या बसवलेल्या आहेत (काम बरे केले आहे, मी चित्रे मागवून पाहिली), पण डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नये म्हणून मात्र आणले, ते पुढे येईलच. पाच वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते, पण जे लिहायला हवे होते तेच गाळले होते.

कलम १. राहते घर, गच्चीवरील माझी टाकी व बँकेतील शिल्लक ही पत्नी इन्साफ, मुलगा रामिझ व मुलगी सुहैर यांच्यात शरियतप्रमाणे वाटावी. त्यात माझे डोके चालवायचे नाही. इन्साफ हयात असेपर्यंत घर विकू नये. स्वयंपाकघरातील मोरीचा उतार मी चाळीस वर्षे दुरुस्त करतो म्हणत आलो आणि लोकांच्या मोऱ्या करीत फिरलो. तो रामिझने माझ्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांच्या आत करून द्यावा.

कलम २. आटे पाडायच्या डाया, पाईप कापायची यंत्रे, तिन्ही शिड्या आणि लाल पेटीतील सगळी हत्यारे तौफीकला द्यावीत. त्याने बावीस वर्षे माझ्या हाताखाली काम केले आणि माझ्यापेक्षा सरळ पाईप बसवला. मोठा पाईपपाना पेटीत सापडणार नाही. तो माझा मेहुणा मुनीर याने एका रविवारी 'संध्याकाळी आणून देतो' म्हणून नेला आणि पुढच्या वर्षी मलाच दाखवून म्हणाला, "बघ, कसला मजबूत पाना घेतलाय!" मी त्याला सोळा वर्षे मनातल्या मनात चोर म्हणत आलो. पाना त्याच्याकडेच राहू द्यावा. कोणाला चोर म्हणण्याचा माझा अधिकार केव्हाच गेला आहे.

कलम ३. गाडी. गर्द निळ्या रंगाची पिकअप, दोन्ही दारांवर पिवळ्या अक्षरांत 'शुक्री अद्-दब्बास – नळ, टाक्या, विश्वास'. हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी धंद्याला लागलो तेव्हा माझी गाडी मातीने बरबटलेली असे. मला त्यात गैर वाटत नव्हते. गाडीला चिखल आहे म्हणजे मालकाला काम आहे, असा माझा हिशेब. मग एकदा अबदूनच्या श्रीमंत वस्तीतल्या एका बंगल्यावरून बोलावणे आले. फाटकाशी पोचलो तर बाईसाहेबांनी वरच्या सज्ज्यातूनच गाडीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "ज्याला स्वतःची गाडी धुता येत नाही, तो माझी न्हाणीघरं काय करणार?" फाटक बंद झाले. काम माझ्याहून कच्च्या माणसाला मिळाले. त्याची गाडी मात्र आरशासारखी होती.

त्या दिवसापासून मी गाडी रोज धुऊ लागलो. शिड्या एका मापात बांधायच्या, पाईपांची तोंडे कापडाने झाकायची, सिमेंट दुसऱ्याच्या गाडीतून मागवायचे. आणि खरेच, फाटके उघडू लागली. लोक मला गच्चीवर पाठवून खाली निवांत कॉफी पीत, काम तपासायला वर येत नसत. खाली उभी असलेली गाडी माझी हमी देत होती. धंद्यात नवीन पडणाऱ्याला मी आजही हेच सांगेन. फक्त त्या गाडीला पाणी कुठून येते, हेही त्याला विचारीन.

कलम ४. पाणी. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

आमच्या डोंगरावर नळाला पाणी आठवड्यातून एकदा, मंगळवारी येते. तेवढ्यात टाकी भरून घ्यायची आणि पुढचा मंगळवार गाठायचा. १९९९च्या उन्हाळ्यात तर ते मंगळवारीही धड येईना. भांडी धुतलेले पाणी लोक झाडांना घालत होते. त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी गाडी धूत होतो.

गच्चीवर माझ्या टाकीला लागून दुसऱ्या मजल्यावरच्या फीर्यालबाईंची, म्हणजे उम्म ग़स्सान यांची टाकी आहे. त्या विधवा. मुलगा ग़स्सान परदेशी. एकट्या बाईला पाणी लागते किती, असे मी स्वतःला समजावले. एका शुक्रवारी दुपारी इमारतीतले सगळे पुरुष नमाजाला गेले असताना मी गच्चीवर गेलो, त्यांच्या टाकीच्या बुडाशी टी-जोड बसवून फाटा काढला आणि भिंतीच्या कडेने एक बारीक पाईप खाली गाडीजवळच्या नळापर्यंत आणला. काम फार सुबक झाले. माझ्या आयुष्यातील सर्वांत सुबक कामांपैकी ते एक आहे, हे लिहिताना मला लाज वाटते.

पंधरा दिवसांनी उम्म ग़स्सान जिन्यात भेटल्या. रामिझचा बाप म्हणून मला सगळे अबू रामिझ म्हणतात.

"अबू रामिझ, माझी टाकी चौथ्या दिवशीच कोरडी पडते रे. काल शेजारून बादली मागून अंग पुसलं. जरा वर जाऊन बघशील? तुझ्यासारखा माणूस इमारतीत असताना बाहेरचा कशाला बोलवू?"

मी वर गेलो. माझ्याच जोडाशेजारी उन्हात अर्धा तास उभा राहिलो. खाली येऊन म्हणालो, "गळती कुठंही नाही, उम्म ग़स्सान. टाकी ठणठणीत आहे."

"मग पाणी जातं कुठं?"

"कोणीतरी नेत असेल," मी म्हणालो.

हे शेवटचे वाक्य मी बोललो नसतो तरी चालले असते.

त्या वेळी इमारतीचा राखणदार शहाता होता. इजिप्तमधल्या मिन्याकडचा मिसरी, उंच, थोडा वाकलेला. वरकमाईसाठी तो भाडेकरूंच्या गाड्या धुवायचा. माझीही रोज तोच धूत असे. उस्ताद कारागिराला आमच्याकडे म्हणतात तसे तो मला मुअल्लिम म्हणे. नळात पाणी माझ्या टाकीतले येते, असे मीच त्याला सांगितले होते.

पुढच्या गुरुवारी सकाळी अबदूनचे एक इंजिनीअर मला भेटायला आले. नऊ बंगल्यांचे नळकाम द्यायचे होते. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "माणूस गाडीवरून कळतो, मुअल्लिम शुक्री." शहाता गाडीला साबण लावीत होता. तेवढ्यात उम्म ग़स्सान बाजाराची पिशवी घेऊन आल्या आणि शहाताच्या हातातल्या नळीकडे बघत थांबल्या.

"हे पाणी कुठलं रे, शहाता?"

"मुअल्लिमच्या टाकीतलं, सित्त. त्यांनीच सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. इंजिनीअरनेही पाहिले. खालच्या दुकानातून हाज फव्वाझ बाहेर आले. मी म्हणालो, "मी? छे! या उन्हाळ्यात मी माझ्या टाकीतलं पाणी गाडीवर घालीन का? मी तर ओल्या फडक्याने पुसायला सांगितलंय."

"मुअल्लिम..." शहाता एवढेच म्हणाला.

पुढचे सगळे फार लवकर झाले. "एकट्या बाईचं पाणी चोरतोस? लाज नाही वाटत?" असे हाज फव्वाझ ओरडले. इमारतीतली माणसे जमली. वर जाऊन पाईप कोणी पाहिला नाही, टाकी तपासून आलेला माणूस मीच होतो. शहाताने आजच्या आज खोली सोडावी असे ठरले, आणि ठरवणाऱ्यांबरोबर मीही मान हलवली. शहाता पुन्हा गाडीकडे वळला आणि राहिलेला साबण बादलीतल्या पाण्याने धुऊ लागला. कोणी त्याला अडवले नाही. बादली संपली. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "उजव्या आरशाखाली साबण राहिलाय, मुअल्लिम. वाळायच्या आत पुसून घ्या." दुपारी तो गाठोडे घेऊन गेला.

मी पुसला नाही. अम्मानचे पाणी जड, जुलैचे ऊन, गर्द निळा रंग. तिथे तळहाताएवढा पांढुरका डाग पडला तो कायमचा. गिऱ्हाइके विचारत, "एवढी लखलखीत गाडी, आणि हे काय हो?" मी म्हणायचो, "रंगातच खोट आहे."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी टी-जोड काढून टाकला. उम्म ग़स्सानची टाकी पुन्हा मंगळवारपर्यंत पुरू लागली. म्हणजे चोर शहाताच, याची सगळ्यांना खात्री पटली. नऊ बंगले मला मिळाले.

एकट्या इन्साफला कळले होते. कसे ते मी कधी विचारले नाही. त्या दिवसापासून ती माझ्या गाडीत बसली नाही. पंचवीस वर्षे बहिणीकडे भाड्याच्या गाडीने जाते. लोकांना सांगते, "मला यांच्या गाडीत मळमळतं." सगळ्यांना वाटते पेट्रोलचा वास.

हजला जाण्यापूर्वी, रीतीप्रमाणे, मी इमारतीत दारोदार जाऊन माफी मागून आलो. उम्म ग़स्सानच्या दारात म्हणालो, "कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा." त्या हसल्या. "तू? तुझं काय चुकणार? जे असेल ते सगळं माफ. माझ्यासाठी तिथं दुवा कर." मी ती माफी घेऊन काबागृहाभोवती सात फेऱ्या घातल्या. काय केले ते न सांगता मिळवलेली माफी लागू होत नाही, हे मला जाण्यापूर्वीही माहीत होते. माणसाचे देणे अल्लाहसुद्धा माफ करीत नाही. ज्याचे असेल त्यानेच करायचे असते.

कलम ५. शरियतप्रमाणे एक तृतीयांश मला माझ्या मर्जीने देता येतो. त्यात सदर गाडी धरावी. ती विकून येईल ते शहाता अब्दुल-मौजूद, जिल्हा मिन्या, याला द्यावे. तो हयात आहे. मागच्या हिवाळ्यात तौफीकच्या ओळखीच्या एका मिसरी गवंड्याकडून मी त्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला. "कोण बोलतंय?" असा आवाज आला. तोच आवाज. मी फोन ठेवून दिला.

गाडी विकण्यापूर्वी धुऊ नये, असे मी आधी लिहिले होते. रामिझने वाचून विचारले, "न धुता विकली तर भाव पडेल. नुकसान कोणाचं? शहाताचंच ना?" पोराचे म्हणणे बरोबर आहे. प्रायश्चित्त घ्यायलाही मी दुसऱ्याच्याच खिशात हात घालत होतो. ती ओळ खोडली आहे. गाडी रामिझने स्वतःच्या हाताने, आमच्या टाकीतल्या पाण्याने धुवावी. डागाला हात लावू नये. घेणाऱ्याला तो दाखवावा.

कलम ६. मला पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी, इमारतीतली माणसे खाली बसली असताना, कॉफी फिरवण्यापूर्वी कलम ४ मोठ्याने वाचावे.

या कलमावरून रामिझचे आणि माझे वाजले. धंदा आता तो बघतो. त्याच्या दोन नव्या पांढऱ्या गाड्यांच्या दारांवरही माझेच नाव आहे.

"लोक गाडीवरचं नाव वाचून दार उघडतात, बाबा. तुम्हीच शिकवलंत. उद्या तेच नाव वाचून दार लावून घेतील. माझ्या पोरांनी काय करायचं?"

"नाव खरवडून काढ. तुझं घाल."

"आणि वाचायचं कधी? तर तुम्ही मेल्यावर! म्हणजे लोक तोंडावर थुंकणार ते माझ्या. तुम्ही आत मातीत निवांत. इथंही तुम्ही शहातालाच पुढं करताय, फक्त यावेळी शहाता मी."

तो दार आपटून गेला. माझ्या मुलाने मला इतके खरे कधी ऐकवले नव्हते.

म्हणून कलम ६ रद्द. मृत्यूनंतर काहीही वाचू नये. वाचायचे ते मी जिवंत असताना वाचले जाईल. या मृत्युपत्राच्या साक्षीसाठी त्या गुरुवारी तिथे हजर असलेल्या दोघांनाच मी आज घरी बोलावले आहे. सही करण्यापूर्वी त्यांनी सर्व कलमे वाचावीत, अशी अट घालतो.

कलम ७. हे अमलात आणण्याचे काम सुहैरने करावे. रामिझला माझा आशीर्वाद. त्याने दारांवरचे नाव ठेवायचे की पुसायचे ते त्याने ठरवावे.

सही: शुक्री इस्माईल अद्-दब्बास
स्थळ: अम्मान. मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४.

साक्षीदार १: हाज फव्वाझ अल-मसरी, दुकानदार. पूर्ण वाचले. सही केली. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मी ओरडलो होतो, तेही यात लिहायला हवे होते.

साक्षीदार २: फीर्याल, ग़स्सानची आई. चष्मा लावून दोनदा वाचलं. पाणी माफ केलं, अबू रामिझ. आता कशाचं ते माहीत असून माफ केलं. पण शहाताचं माफ करायला मी कोण? तुझ्या शब्दावर मीसुद्धा त्याला चोर म्हटलं. तेव्हा नंबर इकडे दे. फोन मी लावते. आधी मी बोलते, मग तू बोलायचं. आणि फोन ठेवलास तर ही सही मी खोडीन.

पुरवणी, माझ्याच अक्षरात: नंबर दिला. इन्साफ दारात येऊन उभी आहे. उम्म ग़स्सान बोलत आहेत. त्या आता रडत आहेत. आता त्यांनी फोन माझ्याकडे धरला आहे, आणि पलीकडून तो विचारतो आहे, "मुअल्लिम, तुम्ही आहात का?" पेन खाली ठेवतो.