खिडकीची करकर

झाग्रेब,
११ नोव्हेंबर

प्रिय योसो यास बार्तुल मास्तरांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या हाताचे प्लास्टर निघाल्याचे आपल्या स्टुडिओतल्या नीवेसकडून समजले. बोटे अजून मिटत नाहीत, हेही समजले. लुत्सेला माझा नमस्कार सांग. पत्राच्या माथ्यावरचे गावाचे नाव तू वाचलेच असशील. त्याकडे मी क्रमाने येतो. शिक्षकाला मधूनच सुरुवात करता येत नाही.

आधी बूरा वाऱ्याविषयी. तू सातवीत असताना मी फळ्यावर वेलेबित डोंगराचा छेद काढला होता. डोंगरापलीकडे थंड हवा साचत जाते, उतू जाण्यापूर्वी पातेल्यात दूध चढावे तशी. काठ भरला की ती अलीकडे, आपल्या बंदरावर कोसळते. तत्पूर्वी माथ्यावर ढगाची पांढरी टोपी बसते. वारा सुटला तरी ही टोपी जागची हलत नाही, कारण पलीकडच्या अंगाने ढग सतत घडत असतो आणि अलीकडच्या अंगाला विरत असतो. निसर्ग इतकी स्वच्छ पूर्वसूचना क्वचितच देतो. ती वाचायला डोळ्यांखेरीज काहीही लागत नाही.

शाळा सोडून रेडिओवर आलो तेव्हा मी तोच धडा पुढे चालवला. रोज पहाटे स्टुडिओची खिडकी उघडायची, बिजागरी करकरायची आणि मी गावाला डोंगर वाचून दाखवायचा. त्या करकरीवर लोकांचा इतका जीव जडला की बिजागरीला तेल घालायला आलेल्या सुताराला बायकांनी जिन्यातूनच परत पाठवले. माझे केस पांढरे झाले, तुमची मुले मोठी झाली, पण खिडकी एक दिवसही चुकली नाही.

निदान, गावाचा तसा समज आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्यांनी जिना नाकारला आणि मुलीने मला येथे, समुद्रापासून इतक्या दूर, आणले. तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघरात बसून फोनवरून बोलतो. डोंगर नीवेस पाहते आणि मला कानात सांगते. खिडकीही तीच उघडते.

"बार्बा, लोकांना सांगून टाका आता. ते काय तुमच्या गुडघ्यांवर प्रेम करतात?" असे ती मला म्हणाली होती.

"ईस्टर होऊ दे," मी म्हणालो. ईस्टर झाला.

तुझ्या अपघाताच्या सकाळी नीवेसच्या मुलीला ताप होता. नीवेसने घरूनच मला रेडिओला जोडून दिले आणि बजावले, "बार्बा, आज खिडकी नको. मला इथून डोंगर दिसत नाही. थेट गाणं सांगा, मी लावते."

गाणे सांगायला हवे होते. त्याऐवजी मी माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरातले, शेवया ठेवायचे कपाट उघडले. त्याचेही दार करकरते. कपाटात पाहत मी म्हणालो, "वेलेबित आज टकला आहे, मंडळी. समुद्र तेलासारखा शांत."

ते ऐकून तू नाव समुद्रात काढलीस. परतताना वाऱ्याने ती धक्क्यावर आपटली आणि तुझा हात मध्ये सापडला.

मी इस्पितळात फोन केला, तेव्हा तूच मला धीर दिलास. "मास्तर, आवाज का पडलाय? उद्या सकाळी असं बोललात तर म्हाताऱ्या मेणबत्त्या लावतील. डोंगर टकला होता ना?"

मी म्हणालो, "होता."

"मग झालं. मीच परतायला उशीर केला."

मागून लुत्सेचा आवाज आला: "मी याला गच्चीवरून ओरडून सांगितलं, टोपी बसलीय म्हणून. तर म्हणतो, रेडिओवर सांगितलं नाही अजून."

"हिला रोज टोपी दिसते," तू हसलास. "ही मला चर्चलासुद्धा पाठवणार नाही."

योसो, टोपी बसली होती. लुत्सेला दिसली ती तीच.

मी हे पत्र अनेकदा लिहायला घेतले आणि प्रत्येक वेळी बूऱ्यापाशीच थांबलो. खोटे बोलल्याची लाज आहेच. परंतु तिच्याखाली दुसरी एक आहे, आणि ती मला अधिक टोचते. ज्या मुलांना मी मान वर करून डोंगर पाहायला शिकवले, त्यांना मीच रोज सकाळी त्या कष्टातून सोडवत गेलो. मला ते आवडत होते. तू बायकोच्या डोळ्यांपेक्षा माझ्या आवाजावर विश्वास ठेवलास, हे ऐकून क्षणभर, एक क्षणच, मला बरेही वाटले होते. ते तुला कळल्यावाचून हे पत्र पुरे होत नाही.

रविवारी चौकात माझा सत्कार आहे. मानचिन्ह तुझ्या हस्ते द्यायचे ठरले आहे. डाव्या हाताने देईन, असे तू नीवेसला सांगितलेस म्हणे. ते देऊ नकोस. उद्या हे पत्र टपालात पडेल, शुक्रवारी तुला मिळेल, आणि शनिवारी सकाळी मी रेडिओवर सर्व काही सांगेन, कपाटासकट. गावाआधी तुला कळावे एवढ्यासाठीच मध्ये हे दिवस ठेवले आहेत. रविवारी मी बसने येईन. चौकात यायचे की थेट तुझ्या दारी, हे तू ठरव. दार उघडायचे की नाही, तेही.

तोवर नाव समुद्रात काढायची वेळ आलीच, तर लुत्सेला विचार.

त्या सकाळी खिडकीपाशी नसलेला,
बार्तुल