डुगडुगणारं टेबल

३ जून

ती. ताईस,
नमस्कार, पण रागातला.

नाही म्हणजे नाही. मी चष्मेवाल्यावर उगाच डूख धरलाय असं तू परत लिहिलंस. उगाच कसा? सुट्टी घालवून, गाडीत उभ्याने येऊन मी तुझ्यासाठी त्याला बघायला आलो. आमचा मालक बाहुलीच्या केसांचा टोप डोक्यावर तसाच ठेवून बँकेत गेला, ती गोष्ट सांगितली. त्या गोष्टीवर आमची अख्खी फॅक्टरी लोळते. तू हसून हसून डोळे पुसलेस आणि हा बाबा भिंतीसारखा बसलेला. ओठाचा कोपरा म्हणून हलला नाही. वर तुझं ते टेबल डुगडुगत होतं, चहा बशीत सांडत होता. शेवटी मीच वर्तमानपत्राची घडी करून पायाखाली सरकवली, तरी थांबेना. त्याने वाकून मदत करायचं नावही घेतलं नाही.

आईवडिलांमागे तू मला वाढवलंस आणि आता म्हणतेस, माझ्या होकाराशिवाय लग्न करणार नाहीस. मग ऐक, माझा नकार. दगडाला पाझर फुटेल, याला नाही. असल्या माणसाबरोबर जन्म काढशील कसा?

बाकी बरं. नोकरीत टिकून आहे. कितवी नोकरी ते मोजत बसू नकोस. सध्या बाहुल्यांच्या भुवया रंगवतो. एक केस इकडचा तिकडे झाला की हसरी बाहुली रडवी दिसते, म्हणून मुकादमीणबाई डोक्यावर उभ्या असतात.

लोभ असू दे. रागावलीस तरी पत्र मोठं लिही.

तुझा भाऊ

११ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद आणि एक टपली.

टेबलाचे चारही पाय सारखे आहेत. त्यावर मी शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करते, एक टाचणी घरंगळत नाही. मग त्या दिवशी काय डुगडुगत होतं? चष्मेवाल्यांचा गुडघा. वेड्या, ते हसत होते.

जन्मापासून त्यांच्या चेहऱ्याच्या नसा चालत नाहीत. ओठ, गाल, भुवया, काही हलत नाही. हसू तोंडावाटे निघालं नाही की गुडघ्यात उतरतं. तू घडी घेऊन टेबलाखाली शिरलास तेव्हा तर त्यांचा जीव जायची वेळ आली. तू गेल्यावर म्हणाले, इतकं हसल्याचं मला आठवत नाही, आणि मला हसवणारा माझ्याच गुडघ्याशी झटत होता.

आधी का सांगितलं नाही म्हणशील. त्यांनीच नको म्हटलं. सांगितलं की लोक बोलणं सोडून तोंडाकडेच बघत बसतात. होणाऱ्या मेव्हण्याने तरी आधी माणूस बघावा, एवढीच त्यांची हौस होती. ती तू चांगलीच फेडलीस.

मलाही सुरुवातीला काही उमजलं नव्हतं. पण माझ्या चष्म्याची दांडी कानामागे टोचते म्हणून त्यांनी दुकानात ती पुन्हापुन्हा वाकवून दिली, आणि दर वेळी आता दुखतं का म्हणून विचारताना आवाज असा खाली आणला की मी चष्मा विसरले. तेव्हापासून चेहरा सोडून बाकीचा माणूस बघायला शिकले.

तुझा नकार मी मोडणार नाही. पण नीट विचार करून दे, भिंगरीसारखा फिरत फिरत देऊ नकोस. माया आहेच, ती काही पत्रावर अवलंबून नाही.

ताई

२० जून

ती. ताईस,
नमस्कार, या वेळी कान धरून.

तुझं पत्र वाचलं आणि परत एकदा टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

आमच्याकडे भुवया काढायच्या आधी बाहुल्यांचे कोरे चेहरे रांगेत मांडतात. ज्याचा पगार अडकलाय तो म्हणतो, या काळजीत आहेत. पॅकिंगवालीचं नुकतंच लग्न झालंय, ती म्हणते लाजतायत. मला सगळ्याच आखडू दिसत होत्या. मन चिंती ते वैरी न चिंती.

ज्या मुलांना दुसऱ्याचा चेहरा कळायला जड जातं, त्यांच्यासाठी एक डॉक्टरीणबाई आमच्याकडून बाहुल्या करून घेतात. त्यांना गाठून सगळं सांगितलं. म्हणाल्या, समोरचा हसला की आपल्या नकळत आपलेही गाल जरासे हलतात, आणि मेंदू तिथूनही खबर उचलत असावा की हा खुशीत आहे. मी म्हटलं, म्हणूनच रागीट बाहुल्या असल्या की माझं कपाळ दुखतं. त्या म्हणाल्या, असेल, किंवा तू मान मोडून बसतोस म्हणूनही असेल. पण मेंदूला काही चेहरा हे एकच दार नाही. आवाज आहे, हात आहेत, खांदे आहेत. माणसाची सवय झाली की मेंदू त्याची रीत शिकतो. सवय नसली, खबर मिळाली नाही, की रिकाम्या जागेत आपल्याच पोटातलं भरतो.

माझ्या पोटात काय होतं ते तू ओळखलंच असशील. ताई गेली की सुट्टीत जायचं कुणाकडे? ती भीती मी त्यांच्या कोऱ्या चेहऱ्यावर रंगवली आणि वर त्यांनाच गर्विष्ठ ठरवलं. भुवया रंगवणाऱ्याला हे शोभलं नाही.

तर माझा हो. उभ्या उभ्या नाही, चांगलं बसून, विचार करून दिलेला हो. भावजींना म्हणावं, लग्नात माझ्या शेजारी बसा, गुडघ्याला गुडघा लावून. टोपाच्या गोष्टीचा पुढचा भाग अजून सांगायचाय. मालक परत आला तेव्हा टोप बँकेतल्या बाईंच्या डोक्यावर राहिला होता.

लोभ आता दोघांचाही हवा, अर्धा अर्धा चालणार नाही.

तुझी भिंगरी

ता. क. नव्या घरी ते जड टेबल नेऊ नकोस. त्याला हलवायला फार मोठं हसू लागतं. हलकं घे, बारीक पायांचं. भावजी नुसते गालातल्या गालात हसले तरी कप वाजला पाहिजे. त्यासाठी पाठवतोय, साडेसातशे रुपये.